मैद्यावरचा खटला

नूडल्सचे नाव निघाले की मराठी घरात पहिले बोट उठते ते मैद्याकडे. मैदा आतड्याला चिकटून बसतो, मैद्यात कस नसतो, मुलांना मैदा देऊ नका, ही वाक्ये इतक्या खात्रीने बोलली जातात की त्यांची उलटतपासणी करावी असे कोणाला सुचत नाही. ती करायची तर आकड्यांपासून सुरुवात करावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांतील घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत 100 ग्रॅम कणकेत प्रथिने साडेदहा ग्रॅमच्या आसपास आहेत आणि मैद्यात त्याहून जेमतेम पाव ग्रॅम कमी. फरक पडतो तो तंतुमय पदार्थांत आणि खनिजांत. कणकेत तंतू 11 ग्रॅमच्या पुढे जातात, मैद्यात ते तीन ग्रॅमलाही पोचत नाहीत. कणकेत लोह चार मिलिग्रॅम, मैद्यात दोनाच्याही आत. हा तोटा खरा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. चिकटण्याची गोष्ट मात्र खोटी आहे. शिजलेला मैदा म्हणजे बहुतांश स्टार्च आणि थोडी प्रथिने. लहान आतड्यातले पाचकरस त्याचा असा फडशा पाडतात की चिकटायला मागे काही उरतच नाही. किंबहुना काही उरत नाही हीच मैद्याची खरी उणीव आहे, कारण मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला हवा तो चोथा त्यात नसतो.

माझे म्हणणे असे की नूडल्सच्या वाडग्याचे पोषणमूल्य ठरवण्यात पिठाचा वाटा आहे, पण आपण समजतो तेवढा मोठा नाही. धागा कसा घडवला, कसा वाळवला, किती पाण्यात शिजवला, ते पाणी कुठे गेले आणि वाडग्यात त्याच्या शेजारी काय होते, यावर जास्त अवलंबून असते. सगळे खापर मैद्यावर फोडले की बाकीचे आरोपी मोकळे सुटतात, आणि त्यांतले दोघेतिघे मैद्यापेक्षा पक्के आहेत.

पहिला पुरावा पास्त्याचा. इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरम जातीच्या गव्हाच्या रव्यापासूनच करावा असा कायदा 1967 पासून आहे. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातकुळीतला, आणि शेवयांसाठी जाणत्या बायका तो मागून घेत त्यामागे हेच शास्त्र होते. हा रवाही कोंडा काढलेलाच असतो. म्हणजे ‘संपूर्ण धान्य’ या कसोटीवर पास्ताही नापास. तरीही स्पॅगेटीचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचे माप, 50 च्या आसपास येतो आणि पांढऱ्या पावाचा 75 च्या आसपास. दोन्ही गव्हाचे, दोन्ही कोंडा काढलेले. फरक येतो तो रचनेमुळे. पाव फुगवलेला असतो, त्याच्या जाळीत पाचकरस सहज शिरतात. पास्त्याचे पीठ घट्ट मळून दाबाखाली साच्यातून काढलेले असते. त्यात ग्लुटेन या प्रथिनाचे जाळे स्टार्चच्या कणांभोवती आवळून बसते, त्यामुळे पाचकरसांना बाहेरून आत एकेक थर पोखरत जावे लागते. हे जाळे शाबूत ठेवायचे की मोडायचे ते शिजवणाऱ्याच्या हातात असते. चावताना मधोमध किंचित विरोध जाणवेल इतपतच पास्ता शिजवावा हा इटालियन आग्रह चवीसाठी आहे, पण साखर हळू चढावी यासाठीही तो उपयोगी पडतो. गिच्च शिजवलेला पास्ता ही हाती असलेली सवलत गमावतो.

इथे मधुमेही वाचकाला एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. निर्देशांक कमी असला म्हणून मोठी ताटली भरून खायची मुभा मिळत नाही. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात 70 ग्रॅमहून जास्त कर्बोदके असतात, आणि शिजल्यावर तो दुपटीहून जास्त वजनाचा होत असल्याने वाढताना अंदाज चुकतो. या निर्देशांकावर एकट्यावर विसंबणेही बरे नाही, आणि त्याचा उत्तम दाखला मुगाच्या काचेसारख्या पारदर्शक नूडल्स देतात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तसा मूग भिजवून, वाटून, त्यातला स्टार्च वेगळा करून त्या बनवतात. मुगाच्या स्टार्चमध्ये ॲमायलोजचे प्रमाण जास्त असल्याने त्यांचा निर्देशांक 40 च्याही खाली राहतो. पण मुगाची ज्यासाठी ख्याती आहे ती प्रथिने स्टार्च वेगळा करताना पाण्याबरोबर निघून जातात. 100 ग्रॅम कोरड्या धाग्यात ती एक ग्रॅमही उरत नाहीत. मैदा नको म्हणून या नूडल्स घेणारा माणूस आपण कडधान्य खातो आहोत अशा समजुतीत निव्वळ स्टार्च खात असतो. गरम पाण्यात पाच-सात मिनिटे भिजवल्या की त्या तयार होतात. सोबत अंडे, टोफू किंवा मांस असेल तर त्या उत्तम, नुसत्या खाल्ल्या तर मैद्याच्या नूडल्सपेक्षाही कोत्या.

नूडल्स ही मैद्याचीच अवलाद आहे, हाही समज तपासून पाहण्यासारखा आहे. चीनच्या छिंगहाय प्रांतात, पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात, लाजिया नावाचे एक पुरातन गाव भूकंपाने आणि पुराने गाडले गेले. तिथल्या उत्खननात एक उपडा पडलेला मातीचा वाडगा सापडला आणि त्याखाली सुमारे 50 सेंटिमीटर लांबीचे पिवळसर धागे. वय सुमारे 4000 वर्षे. 2005 साली ‘नेचर’ या नियतकालिकात जो अहवाल आला त्यानुसार ते धागे राळा आणि वरी या भरड धान्यांचे होते. पुढे इतर संशोधकांनी शंका घेतली की ज्या धान्यात ग्लुटेनच नाही त्याच्या पिठाचा इतका लांब धागा ओढून निघेलच कसा, आणि तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. शंका मात्र मोलाची आहे. नूडल शिजवायची कशी हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे तिचा धागा कशाच्या जोरावर एकसंध राहतो.

गव्हाचा धागा ग्लुटेनच्या जोरावर उभा असतो. तांदळात ग्लुटेन नसते, म्हणून तिथे दुसरी युक्ती लागते. पीठ आधी शिजवायचे आणि मग थंड होऊ द्यायचे, म्हणजे सुटा झालेला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. कोकणातल्या शिरवाळ्यांत नेमके हेच होते. तांदळाच्या पिठाची उकड काढून गोळे उकळत्या पाण्यात शिजवतात आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबतात. कच्च्या पिठाचा धागा साच्यातून पडता पडता तुटेल, उकडीचा तुटत नाही. व्हिएतनाम आणि थायलंडच्या वाळलेल्या तांदळाच्या पट्ट्यांमागेही तेच तत्त्व आहे. म्हणूनच त्या गव्हाच्या नूडल्ससारख्या खळखळून उकळल्या की लगदा होतो. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात, वाकतील पण तुटणार नाहीत इतक्या मऊ झाल्या की निथळाव्यात, आणि उरलेले शिजणे कढईत किंवा गरम रश्श्यात होऊ द्यावे. पोषणाच्या हिशेबात त्यांची प्रथिने गव्हाच्या नूडल्सच्या निम्म्याच्या आसपास भरतात. ग्लुटेन न सोसणाऱ्या सीलिॲकच्या रुग्णाला त्या वरदान आहेत. बाकीच्यांनी केवळ ग्लुटेनच्या धास्तीने गहू सोडून तांदळाकडे वळण्यात पदरात काही पडत नाही, गाठीची प्रथिने तेवढी जातात.

तिसरी युक्ती क्षाराची. चीनमधल्या लानचौ शहरात हाताने ओढून काढलेल्या नूडल्ससाठी एका रानझुडपाची राख वापरण्याची परंपरा आहे. त्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. जपानी रामेनच्या पिठात पोटॅशियम आणि सोडियम कार्बोनेटचे पाणी घालतात. आपला पापडखार याच घराण्यातला. क्षाराने ग्लुटेन ताठ होते, धागा चिवट आणि लवचीक बनतो, आणि पिठातल्या मुळातच असलेल्या फ्लेव्होनॉइड या रंगद्रव्यांना पिवळी छटा येते. पिवळ्या नूडल्समध्ये अंडे असणारच असे मानणारे इथे फसतात. या चिवटपणाची किंमतही आहे. थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, क्षारात टिकत नाही. त्यामुळे क्षाराच्या नूडल्स चवीला कितीही सरस असल्या तरी या जीवनसत्त्वासाठी त्यांच्याकडे पाहू नये.

आता पाण्याकडे येऊ. स्वयंपाकघरात याचाच विचार सर्वांत कमी होतो. भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिले की त्याबरोबर ब-गटातली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जातात आणि मीठही जाते. पहिले नुकसान, दुसरा बहुतेक वेळा फायदा. कोणते पाणी राखायचे आणि कोणते फेकायचे याचे भान जपान्यांना चांगले आहे. सोबा नूडल्स कुट्टूच्या पिठाच्या असतात. कुट्टू हे तृणधान्य नव्हे, त्यात लायसिन हे अमायनो आम्ल गव्हापेक्षा जास्त असते आणि रुटिन नावाचे एक वनस्पतिजन्य द्रव्यही असते. कुट्टूला बांधून ठेवणारे ग्लुटेन नसल्याने साधारण आठ भाग कुट्टूला दोन भाग गव्हाचे पीठ घेण्याची पद्धत रूढ झाली. सोबा शिजताना पिठाचा काही भाग पाण्यात उतरतो. थंड सोबा बुडवून खाऊन झाल्या की दुकानातला माणूस ते गढूळ, गरम पाणी लाखेच्या रंगाच्या चौकोनी किटलीतून आणून ठेवतो, आणि गिऱ्हाईक ते उरलेल्या सॉसमध्ये ओतून पिते. याला सोबायु म्हणतात. हे जमते कारण सोब्याच्या पिठात मीठ घालत नाहीत. उदोन आणि सोमेन या गव्हाच्या नूडल्सचे पीठ मात्र मिठाच्या पाण्यात मळलेले असते, त्यातले बरेचसे मीठ उकळताना बाहेर पडते, म्हणून त्या मीठ न घातलेल्या भरपूर पाण्यात शिजवून, थंड पाण्याखाली चोळून धुतात, आणि ते पाणी कोणी पीत नाही. बाजारातला स्वस्त सोबा घेताना घटकांची यादी वाचावी. कित्येकदा त्यात गव्हाचेच पीठ जास्त आणि कुट्टू नावापुरता असतो.

या बाबतीत आपला शेवयांचा उपमा पास्त्यापेक्षा चतुर म्हणावा लागेल. शेवया तुपावर खरपूस भाजायच्या, मग बेताचे पाणी घालून ते पूर्ण जिरवायचे. फेकून द्यायला पाणी उरतच नाही, त्यामुळे पाण्यात जाणारे सगळे आतच राहते. पाटावरच्या शेवयांसाठी रवा भिजवून, तेलाचा हात लावत तास न् तास मळतात. मग पाट उतरता ठेवून, लोळी तळव्याखाली घासत खाली लोंबणारा धागा अलगद बारीक करतात आणि काठीवर टाकून उन्हात वाळवतात. त्या मळण्याने ग्लुटेनचे जाळे बांधले जाते. उन्हाने वाळवले की धाग्यात तेलाचा थेंब वाढत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण खटल्याचे वळण तिथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नटंचाई होती. अमेरिकेतून आलेल्या गव्हाचे काय करावे याची चर्चा चालू होती आणि सरकारचा ओढा पावाकडे होता. ओसाका परिसरात राहणाऱ्या मोमोफुकु आंदो या उद्योजकाला वाटले की नूडल्स खाणाऱ्या लोकांना नूडल्सच द्याव्यात, फक्त त्या टिकाऊ आणि झटपट असाव्यात. 25 ऑगस्ट 1958 रोजी त्याचे ‘चिकन रामेन’ बाजारात आले आणि 1971 मध्ये कपातल्या नूडल्स. त्याच्या यशाची किल्ली वाळवण्याच्या पद्धतीत होती. कारखान्यात मैद्याचे पीठ लाटून, कापून, नागमोडी धागे वाफवतात. मग एकेका खुराकाचा गुंता जाळीच्या साच्यात बसवून तो साचा 140 ते 160 अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात एक ते दोन मिनिटे बुडवतात. धाग्यातले पाणी एकदम वाफ होऊन सुटते आणि जाता जाता हजारो बारीक छिद्रे पाडून जाते. ही छिद्रे आहेत म्हणूनच घरी गरम पाणी चटकन आत शिरते आणि नूडल्स दोन-तीन मिनिटांत मऊ होतात. पण पाण्याने रिकामी केलेली जागा रिकामी राहत नाही, तिथे तेल भरते. तयार वडीत साधारण 15 ते 20 टक्के तेलच असते, आणि ते बहुधा पामतेल, ज्याचा जवळजवळ अर्धा भाग संपृक्त मेद असतो.

हिशेब मांडून पाहा. 70 ग्रॅम रव्याच्या पास्त्यात किंवा उन्हात वाळवलेल्या शेवयांत मेद एक ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या तळलेल्या झटपट नूडल्समध्ये 10-11 ग्रॅम. शिवाय मसाल्याची पुडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सुमारे 2000 मिलिग्रॅम सोडियम. झटपट नूडल्सच्या एका पाकिटात 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सोडियम असणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि ते दोन ग्रॅम मिठाएवढे झाले. म्हणजे संध्याकाळच्या खाण्यावारी दिवसभराच्या मिठाच्या पाच भागांतले दोन भाग संपले, तेही आमटी, लोणचे आणि पापड यांचा हिशेब धरायच्या आधी. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी तर ही मर्यादा मोठ्यांपेक्षाही कमी असते. यात मैद्याचा दोष कुठे आहे? तोच मैदा वाफवून गरम हवेत वाळवला असता तर मेद दोन-तीन टक्क्यांवर थांबला असता. असे धागे शिजायला चार-पाच मिनिटे घेतात. पाकिटावर ‘दोन मिनिटे’ छापता यावे यासाठी जी किंमत मोजली जाते ती ही.

या विषयावर आपली सार्वजनिक चर्चा किती भरकटते ते 2015 च्या मॅगी प्रकरणात दिसले. नमुन्यांत शिसे मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचा आणि ग्लुटामेटबाबत लेबल दिशाभूल करणारे असल्याचा ठपका ठेवून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जूनमध्ये विक्री थांबवली. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कंपनीला आपली बाजू मांडण्याची संधी दिली गेली नाही आणि चाचण्या योग्य मान्यतेच्या प्रयोगशाळांत झाल्या नाहीत या कारणांवरून. नव्याने केलेल्या चाचण्यांत शिसे मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. शिशाची चौकशी व्हायलाच हवी होती, विषाच्या शंकेला सौम्यपणे घेऊन चालत नाही. पण ते सगळे महिने देशभर शिसे आणि अजिनोमोटो यांवर वाद झडत असताना पाकिटाच्या पाठीवर उघड छापलेल्या मेदाच्या आणि सोडियमच्या आकड्यांकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. अजिनोमोटोबद्दल तर भीतीच जास्त आहे. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये समुद्री शेवाळापासून जे ग्लुटामेट वेगळे केले तेच टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये निसर्गतः असते. त्यात सोडियम 12 टक्के, साध्या मिठात 39 टक्के. ‘अजिनोमोटो नाही’ अशी पाटी लावून त्याच चवीसाठी मीठ वाढवले, तर गिऱ्हाइकाचे भले झाले असे म्हणवत नाही.

यावर एक हरकत हमखास येते. जपान, कोरिया, चीनमधले लोक पिढ्यान् पिढ्या नूडल्स खातात आणि ते दीर्घायुषी आहेत, मग एवढा बाऊ कशासाठी? हरकतीत तथ्य आहे, पण ती माझ्याच बाजूची साक्ष देते. ते लोक पिढ्यान् पिढ्या जे खात आले ते तळलेले पाकीट नव्हते. कोरियात तर याची तुलनाच उपलब्ध आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या 10,000 हून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा झटपट नूडल्स खाणाऱ्या स्त्रियांमध्ये पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी यांच्या एकत्रित बिघाडाची शक्यता 68 टक्क्यांनी जास्त दिसली. पुरुषांत असा संबंध आढळला नाही. एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही हे मान्य करायलाच हवे. झटपट नूडल्स जास्त खाणारी माणसे घाईत जगत असतील, झोप कमी घेत असतील, हेही संभवते. म्हणून मी या अभ्यासाला शेवटचा शब्द मानत नाही. पण तळण आणि मीठ यांच्याविरुद्धचा पुरावा एकट्या या अभ्यासावर उभा नाही. मिठाचा रक्तदाबाशी आणि संपृक्त मेदाचा कोलेस्टेरॉलशी असलेला संबंध नूडल्सच्या कितीतरी आधीपासून प्रस्थापित आहे. आणि ताज्या नूडल्सचे वाडगेही या दोषातून सुटत नाहीत. उपाहारगृहातल्या रामेनच्या रश्श्यासकट एका वाडग्यात पाच-सहा ग्रॅम मीठ सहज जाते, म्हणूनच रस्सा तळापर्यंत पिऊ नका असा सल्ला जपानमध्येही दिला जातो.

दुसरी हरकत अशी की मग आट्याच्या, ओट्सच्या किंवा नाचणीच्या नूडल्स घ्याव्यात, प्रश्न मिटला. तंतूंचा विचार केला तर फायदा खरा आहे, आणि सुरुवातीला मी ज्याला तोटा म्हटले तो काही अंशी भरूनही निघतो. पण यातल्या बऱ्याच वड्या त्याच तेलात तळलेल्या असतात आणि पुडीतले मीठ तेवढेच असते. पुढच्या बाजूला गव्हाची ओंबी छापलेली, मागच्या बाजूला मेदाचा आकडा 15 च्या पुढे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्यापेक्षा न तळलेल्या साध्या मैद्याच्या नूडल्स आणि सोबत मूठभर फरसबी हा सौदा मला फायद्याचा वाटतो, कारण तंतू भाजीतून आणता येतात, तेल मात्र वडीतून सहजी काढता येत नाही. पहिले पाणी ओतून दिले की नूडल्सवरचे मेण निघून जाते, असा एक समज आहे. मेण मुळात नसतेच. पाण्यावर दिसतो तो पांढुरका तवंग सुटलेल्या स्टार्चचा आणि तेलाचा. ते पाणी ओतल्याने थोडे तेल आणि धाग्यातले थोडे मीठ जाते हे खरे, पण बहुतेक मीठ पुडीत असते आणि ती आपण नंतर घालतो.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा सोबतीचा. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, डाळींत ते भरपूर असते. दोन्ही एकत्र आली की उणीव भरून निघते. वरणफळे किंवा चकोल्या करणाऱ्या घरांना हे रसायन ठाऊक असण्याची गरज नव्हती. आंबट-गोड वरणात कणकेचे तुकडे सोडले, ते वरणातच शिजले, पाणी वाया गेले नाही, आणि गहू-तुरीची जोडी जमली. लानचौचा वाडगाही असाच भरलेला असतो: गोमांसाचा नितळ रस्सा, पांढऱ्या मुळ्याच्या चकत्या, लाल मिरचीचे तेल, हिरवी कोथिंबीर आणि मध्ये पिवळे धागे. व्हिएतनामच्या फोमध्ये मांस आणि मूठभर ताजा पाला नसेल तर त्याला कोणी फो म्हणत नाही. पाकिटाने या वाडग्यातून फक्त धागा आणि रश्श्याची चव उचलली, बाकीचे गाळले. 70 ग्रॅमच्या पाकिटात प्रथिने मिळतात सहा ग्रॅमच्या आसपास, आणि 60 किलो वजनाच्या माणसाची दिवसाची गरज असते 50 ग्रॅमच्या जवळपास. आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवर किमान कोबी, गाजर, सिमला मिरची तरी पडते. तिथली अडचण वेगळी आहे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, आणि मोठ्या आचेवर कढई परतताना बाटलीचा हात आखडता राहत नाही.

वसतिगृहातल्या मुलाला किंवा रात्री उशिरा घरी आलेल्या परिचारिकेला पास्त्याचे पाणी मोजत बसा असे सांगणे उद्धटपणाचे ठरेल. त्यांच्यासाठी पाकीट हाच पर्याय असेल तर तोही सुधारता येतो. पाण्याला उकळी आली की आधी मूठभर मटार, गाजर किंवा चिरलेला पालक टाकावा, मग वडी. उतरवण्याआधी एक अंडे फोडून ढवळावे, प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात. अंडे चालत नसेल तर 20 ग्रॅम शेंगदाण्यांनी पाच ग्रॅम भर पडते. मसाल्याची पुडी अर्धीच घालावी आणि उरलेली जागा लिंबू, मिरी आणि आले यांनी भरून काढावी. दुकानात पाकीट उचलताना पुढची बाजू न वाचता उलटून मागचे दोन आकडे पाहावेत. 100 ग्रॅममागे मेद 15 ग्रॅमच्या वर असेल तर वडी तळलेली आहे, दोन-तीनच्या खाली असेल तर वाफवून वाळवलेली. दुसरा आकडा सोडियमचा, आणि तो वाचताना एक खबरदारी घ्यावी: तक्ता 100 ग्रॅमचा आहे की एका खुराकाचा, हे आधी पाहावे, कारण पाकीट 70 ग्रॅमचे असते आणि भूक लागलेला माणूस बहुधा दोन पाकिटे फोडतो.